आत्याने नाशिक पाहिलं

आमच्या दारव्हा तालुक्यात माझ्या आत्याने जाऊन पाणी प्यायल्याशिवाय एकही लग्न ठरत नाही. हे मी थोडं वाढवून सांगते आहे, पण फार नाही. मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला निघतात तेव्हा जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर जी बाई बसलेली असते, ती माझी आत्या. तिला न्यायला नातं लागत नाही. भाऊबंद नेतात, गावातले नेतात, आणि एकदा तर ज्यांच्याशी आमचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण आहे त्यांनीही नेलं. तीही गेली. जाता-येता त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. जीपमधून उतरताना फक्त म्हणाली, "पोरगी द्या. धुऱ्याचं मंग पाहू."

ठरलेल्या दिवशी ती कधीच जात नाही, सगळ्यांना घेऊन एक दिवस आधी जाते. "ठरल्या दिवशी तं कोणाचंबी घर चांगलं असते," असं तिचं म्हणणं. पुरुष मंडळी बैठकीत पावसापाण्याचं बोलत असतात आणि पोहे यायच्या आत ही मागच्या दारी मोरीपाशी पोचलेली असते. दिग्रसकडच्या एका घरी बैठकीतच मोठा फ्रिज ठेवलेला होता आणि सगळे पाहुणे त्याच्याकडे आदराने पाहत होते. आत्याने थंड पाणी हवं म्हणून तो स्वतःच उघडला. आत खाली घडी घातलेल्या चादरी आणि वर साड्या होत्या. तिने दार हळूच लावलं आणि म्हणाली, "चांगलं हाय. उंदराची भीती नाही." दुसऱ्या एका घरी ओलिताचं शेत, ट्रॅक्टर, शांत मुलगा, सगळं होतं, तरी तिने परत येताना मान हलवली. कारण विचारलं तर म्हणाली, "थोरल्या सुनेच्या चपला पाह्यल्या काय? लग्नाले चार वर्षं झाले अन् तळाले माती नाही. बाहीर निंगूच देत नाहीत तिले."

अशा बाईच्या हाती माझं शिक्षण जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. दारव्ह्याला बी.एस्सी. झाले आणि संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं ठरवलं. नागपूरच्या यादीत नाव लागलं नाही, अमरावतीच्याही नाही. लागलं ते नाशिकला. प्रवेश घ्यायला सोमवारपर्यंत मुदत होती. बाबा नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायची त्यांना सवय नाही, ते फक्त गप्प बसतात आणि सोयाबीनच्या पोत्यांकडे पाहत राहतात. आमच्यापैकी नाशिक कोणी पाहिलेलं नव्हतं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी आई आत्याचं नाव काढून म्हणाली, "बाईले पाठवा. बाई पाहून येईन." बाबांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली. "बाई म्हणन तसं," ते म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण आत्याने नाकारलेल्या घरांची संख्या मला माहीत होती.

वसतिगृहाने पालकांना रविवारी बोलावलं होतं, म्हणून आम्ही शनिवारी सकाळी सातला नाशिक रोडला उतरलो. आत्याच्या हातात भाकरी-ठेच्याचं गाठोडं होतं. पुलावरून उतरतानाच तिने शहर पाहायला सुरुवात केली. एका दुकानात पाणी मागितलं तर दुकानदाराने बाटली पुढे केली. "बाटली नाही मांगतली बाप्पा, पाणी मांगतलं," आत्या म्हणाली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला नाशिकच्या वतीने लाज वाटली. पुढे एका गल्लीत शिलाईचं दुकान उघडणाऱ्या बाईने घरातून तांब्या आणून दिला, वर गुळाचा खडाही दिला. आत्या तिथेच पायरीवर बसली. कॉलेजच्या पोरींचे कपडे शिवता काय, पोरी फिटिंगसाठी एकट्या येतात की कोणासोबत, संध्याकाळी किती वाजेपर्यंत येतात, रस्त्यात टवाळ पोरं बसतात काय, सगळं विचारून घेतलं. त्या बाईला वाटलं की आम्ही लग्नाची चौकशी करतो आहोत. तिने विचारलंच, "मुलगा काय करतो?" आत्या गंभीरपणे म्हणाली, "मुलगा नाही. गावच पाहून राह्यलो."

वसतिगृहाच्या दारात आम्हाला अडवलं. रेक्टर मॅडम भल्या होत्या, पण म्हणाल्या, "मावशी, भेटीची वेळ उद्याची आहे. आणि पालकांना या खोलीच्या पुढे जाता येत नाही." मी लगेच परत फिरायला तयार झाले. आत्या खुर्चीवर नीट बसली आणि तिने विचारलं, "मॅडम, तुमाले लेक हाय?" त्या हो म्हणाल्या. "तिले द्याची असन तं बैठकीतूनच वापस याल काय?" मॅडम किल्ल्या घेऊन उठल्या.

आत्याने सगळं पाहिलं. न्हाणीघराच्या कड्या आतून लावून पाहिल्या आणि एकदा अडकली; मॅडमनी बाहेरून धक्का देऊन काढली. गच्चीचं दार, वाळत घातलेले कपडे, भाजीची टोपली. मी मागे मागे चालत होते आणि तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नळाशी एक मुलगी ताट धूत होती. आत्याने तिला विचारलं, "काहून वं पोरी, जेवण कसं असते इथचं?" मॅडम आमच्या शेजारीच उभ्या होत्या. त्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तरी म्हणाली, "सकाळचं ठीक असतं. पण रात्रीच्या भाजीत नुसतं पाणी. मॅडमना तीनदा सांगितलंय, अजून तसंच आहे." मॅडम म्हणाल्या, "आचाऱ्याशी बोलले आहे गं. या आठवड्यात नाही सुधारला तर तूच ये माझ्यासोबत त्याच्याकडे." मुलगी म्हणाली, "येईन की," आणि ताट निथळत ठेवून गेली.

भाजीवरून आत्याने दोन चांगली घरं नाकारली होती. ती बैठकीत परत आली, तिने पदराने तोंड पुसलं आणि मॅडमना म्हणाली, "आता आमच्या पोरीची खोट सांगतो. झोपेत बडबडते. राग आला तं जेवत नाही. अन् काही दुखलं तं सांगत नाही, इचारा लागते. चालन काय?" मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "चालेल. मी विचारीन." तेव्हा आत्याने माझ्याकडून फोन घेतला आणि सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं, "दादा, पसंत हाय. सोमवारी पैसे भरून टाक." पलीकडून बाबांनी बहुतेक जेवणाचं विचारलं असावं. "भाजी पाण्यासारखी हाय," आत्या म्हणाली. "पण पोरगी सासूच्या तोंडावर भाजीले नावं ठेवते अन् सासू आयकून घेते. अशी घरं मी जिंदगीत दोन-तीनच पाह्यली."

परतीच्या गाडीत ती एखादा सामना जिंकून निघाल्यासारखी बसली होती. मनमाडला चढलेल्यांना तिने सांगितलं, जळगावला चढलेल्यांना सांगितलं, भुसावळला पाण्यासाठी उतरलेल्या एका जवानालाही सांगितलं, "आमची पोरगी नाशिकले हिसाबाचं मोठं शिकून राह्यली." प्रवेश व्हायला अजून दोन दिवस होते, पण तिने दिलेला शब्द तेवढा पक्का होता, आणि मीही हळूहळू मान ताठ करून बसू लागले. एका काकांनी मला पुढे काय होणार विचारलं तर माझ्याआधी तीच म्हणाली, "ते तिचं ती पाहीन."

अकोल्याला डबा बराच रिकामा झाला. बाहेर उजेड कमी होत होता. आत्याने पाय वर घेतले आणि खिडकीकडे तोंड करून सहज सांगावं तसं सांगितलं, "सातवीत मी शाळेत पयली आलती. गुरुजी घरी आले, म्हणे हिले यवतमाळले ठेवा, पोरींचं बोर्डिंग हाय. आमचे बाबा म्हणे, कोणाले माहीत कसं हाय कसं नाही." मी विचारलं, "मग?"

"मंग काय. पाहालेच गेलं नाही कोणी."

थोडं पुढे सरकून मी तिच्या शेजारी बसले. बडनेरा येईपर्यंत आम्ही दोघी त्याच खिडकीतून बाहेर पाहत होतो.