एक ठोका कमी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे लीलाधर पाटील गेली तीसेक वर्षं स्टेशनजवळच्या एका गाडीवरचा वडापाव खात नाहीत. त्या गाडीवाल्याने एकदा त्यांना ताटकळत ठेवून मागून आलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला आधी दिला होता. तेव्हापासून लीलाधर समोरच्या गाडीवरून वडापाव घेतात आणि रस्ता ओलांडून ह्याच्या नाकासमोर उभे राहून खातात. मूळ गाडीवाला कधीच वारला. आता त्याचा मुलगा उभा असतो, आणि हे काका आपल्याकडे बघत का खातात हे त्याला अजून कळलेलं नाही. मी एकदा म्हटलं, आता सोडा की. तर म्हणाले, "गाडी तीच हाय ना?"

माणूस असा आहे. विम्याच्या ऑफिसात उभा जन्म काढल्यामुळे मीही काही फार क्षमाशील राहिलेलो नाही, म्हणून आमचं जमतं.

पण वडापाव किरकोळ. लीलाधरांचा खरा सूड १९७९ सालचा. तो त्यांनी मला ओळख झाल्यावर महिन्याभरातच सांगितला होता, आणि पुढे दर वर्षी दोन-तीनदा तरी सांगितला.

लीलाधर मूळचे भाईंदरजवळच्या मोरवा गावचे. वडील मिठागरात कामाला. गावात हळद असली की पोरगेल्या वयापासून वाजवायला लीलाधरच. भाईंदरच्या एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा परेश बांद्र्याला कॉलेजात जायचा, त्याच्या काकाने परदेशातून इलेक्ट्रिक गिटार आणून दिली होती. परेशने एका हळदीत लीलाधरांचा हात ऐकला आणि त्यांना थेट ड्रमवर बसवलं. चौघांचा बँड झाला, नाव 'क्रीकसाइड फोर'. परेशच्या बापाच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, दोन वर्षं तालीम चालली. एका इंग्रजी गाण्याला काही केल्या ताल बसेना, तेव्हा लीलाधरांनी त्यात हळदीचा ठेका घातला. आठ ठोक्यांचा. गाणं उभं राहिलं. बँडची पहिली रेकॉर्ड काढायचं ठरलं.

रेकॉर्डिंगला आठवडा असताना परेशने लीलाधरांना बाजूला घेतलं. म्हणाला, "तू वाजवतोस फर्स्टक्लास, पण फोटोत शोभत नाहीस यार." त्यांच्या जागी ग्लेन नावाचा लांब केसांचा, उंच बुटांचा पोरगा आला. बांद्र्याचा साहेब, लीलाधर त्याला आजही तसंच म्हणतात. कव्हरचा फोटो कुठे काढला? मोरव्याच्या मिठागरात. बापाने घाम गाळला त्या जागेवर चौघे उभे, आणि लीलाधर बांधावर बघत.

वर परेशने सांगितलं, "ग्लेनला तो ठेका तेवढा शिकव. दिल बडा रख."

लीलाधरांनी शिकवला. तीन दिवस, गोदामात बसून, मोडक्यातोडक्या हिंदीत. फक्त आठवा ठोका शिकवलाच नाही. "सात वाजवनेका, आठवेको हात उपर रखनेका." त्यांच्याकडच्या हळदीत असं कुणी वाजवलं तर नाचणाऱ्या बायांचे पाय अडखळतील आणि त्या वाजवणाऱ्याला शिव्या घालतील. "मी त्यांचे रेकॉर्डन खड्डा खनून ठेवलाय," लीलाधर सांगायचे, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही.

रेकॉर्ड खपली नाही, बँड दोन वर्षांत मोडला. लीलाधरांच्या मते तो त्या खड्ड्यात पडूनच मोडला. त्यांनी स्वतः पुन्हा ड्रमची काठी हातात धरली नाही. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनवर नोकरी केली, बोटं शाबूत ठेवून निवृत्त झाले. ती रेकॉर्ड मात्र त्यांनी कधी ऐकली नाही. ऐकायची गरजच काय, आत काय पुरलंय ते त्यांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षी माझी मुलगी संपदा हातात मोबाईल घेऊनच घरात शिरली. कुठल्याशा परदेशी कंपनीने जुन्या रेकॉर्डी शोधून पुन्हा काढल्या होत्या, त्यात 'क्रीकसाइड फोर'. पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून मीरा रोडला एका हॉलमध्ये कार्यक्रमही होता, परेश येणार होता. मी चप्पल न घालताच खाली धावलो. खोटं कशाला बोलू, मला हर्ष झाला होता. चारचौघांत परेशची उतरलेली बघायची माझीच इच्छा दांडगी होती.

लीलाधर म्हणाले, "जानार. सगल्यांचे समोर सांगनार, तुमचा ठेका फुटका हाय आन मीच तो फोडला. पन आधी आयकतू. पुरावा पायजे."

रविवारी दुपारी ते बायकोला, शांतावहिनींना, घेऊन आमच्याकडे आले. वहिनी सोफ्याच्या कडेला पर्स मांडीवर ठेवून बसल्या. संपदाने स्पीकर लावला. पहिली दोन गाणी नुसता गोंगाट. लीलाधर परीक्षकासारखे मान हलवत होते. मग तिसरं गाणं, आणि ठेका सुरू झाला. सात ठोके, आणि मग काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत क्षणभर सगळं थांबायचं, श्वाससुद्धा, आणि मग परेशची गिटार वरून उडी मारल्यासारखी यायची. माझ्या अंगावर काटा आला. मला त्या माणसाचा राग आहे, तरी आला. वहिनींचा पाय लादीवर ठेका धरत होता, आठव्याला तो अधांतरी थांबायचा आणि पुन्हा पडायचा. अडखळत नव्हता.

संपदा गाण्याखालचे लोकांचे अभिप्राय वाचायला लागली. पोलंडचा कुणी लिहीत होता की त्या रिकाम्या ठोक्यासाठी तो हे गाणं रोज लावतो. ब्राझीलची एक बाई म्हणत होती, असा ड्रमर पुन्हा झाला नाही. परेशची मुलाखतही होती. त्यात तो म्हणत होता, तो मोकळा ठोका ग्लेनला सुचला.

लीलाधरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "त्याला सुचला? मी सांगतू उठून, माझा हाय तो!"

"म्हंजी तुमीच त्यांचा भला केलाव, असा सांगनार?" वहिनींनी विचारलं.

"न्हाय. मी त्यांचा वाटोला केला."

"मंग तो चांगला हाय, माझा हाय, असा नका सांगू. दोनांपैकी एकच काय ता बोला."

 पुढचे पाच दिवस लीलाधर वडापाव खायलाही गेले नाहीत. सूड ठेवला तर नाव परक्याचं, नाव घेतलं तर सूड गेला. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नाव पायजे. चला."

हॉलमध्ये ऐंशीएक माणसं होती. परेशची पांढरी शेंडी मागे बांधलेली, बाजूच्या खुर्चीत कानात यंत्र घातलेला टकला ग्लेन. परेशने तीच कथा पुन्हा सांगितली, टाळ्या पडल्या, आणि लीलाधर उभे राहिले. "ए परेश! तो मोकला ठोका माझा हाय!"

 परेश डोळे बारीक करून बघत राहिला आणि हात जोडून म्हणाला, "माफ करना, आप कौन?"

मला वाटलं, आता इथे रक्त सांडणार. पण ग्लेन काठी टेकत स्टेजवरून खाली आला आणि आमच्यासमोर उभा राहून म्हणाला, "लीलाधर, त्याला काय इचारतंस? मना इचार ना."

लीलाधरांचं तोंड उघडं राहिलं. ही तर घरची बोली.

"तुना आमची भाशा येते?"

"येते म्हंजी? मी उत्तनचा, तुजे मोरव्याचे बाजूचाच. शिकायला तवरा बांद्र्याला मावशीकडं व्हतू. ह्योच ठेका आमचे लग्नान वाजतं. तू पयल्या दिवशी हात वर ठेवलास तवाच मना कलला, ह्यो मना खड्ड्यान घालतंय."

"मंग बोललास का न्हाय?"

"तुजा हक्क व्हता. आन शिकवताना तू एवरा खूश दिसत व्हतास." ग्लेन हसला. "घरी पुरा आठ वाजवून बगितला. तुजा खड्डाच बरा वाटला. म्हून ठेवला."

मग त्याने माइक मागून घेतला आणि सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं की हा ठेका ह्या माणसाचा, रिकाम्या जागेसकट. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. परेश सगळ्यांच्या पुढे, हात पसरून, "अरे लीलाधर! आवो आवो, एक फोटो तो बनता है!"

लीलाधर जागचे हलले नाहीत. शांतपणे, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी फोटोत शोभत न्हाय." आणि वहिनींचा हात धरून बाहेर पडले. परेशचे पसरलेले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मी मुद्दाम दारात थांबून ते पाहून घेतलं.

रिक्षात मी आनंदाने बडबडत होतो. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली. तेव्हा लीलाधर एकदम म्हणाले, "साने, पंचेचालीस वरसं मी एकलाच हसत व्हतू. आन त्याला सगला ठाऊक व्हता."  वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"परेशला सोडला," ते म्हणाले. "ग्लेनला न्हाय सोडनार."

"आता ग्लेनने काय केलं?" मी विचारलं. "त्यानेच तर नाव दिलं."

"मना खूश व्हऊ दिला त्याना." त्यांनी डोळे पुसले, आणि त्यांची बोटं रिक्षाच्या दांडीवर चालायला लागली. इतक्या वर्षांत मी त्यांना काहीही वाजवताना पाहिलं नव्हतं. "उद्या ढोलकी घेतू. उत्तनला जातू. त्याचे दारासमोर उभा राहून वाजवतू, पुरे आठ."

उत्तनची पहिली बस किती वाजता सुटते, ते त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं.