मागच्या ब्रेकला खोबरेल

दोन हजार सात-आठ सालची गोष्ट असेल. आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठांची बदली झाली आणि त्यांची गाडी मी घेतली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि दारात मोटार उभी करणाराही पहिलाच. समुद्राकाठच्या वटार गावात आमची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी फुले. वडिलांनी त्या वाडीवर मला शिकवले. एवढे एक वाक्य लिहितानाही मागची सगळी वर्षे डोळ्यांपुढे येतात, म्हणून ते इथेच सोडतो.

गाडी आली त्याच सुमारास वडिलांचे गुडघे गेले. वाडी थोरल्या भावाने हातात घेतली आणि वडील ओट्यावर बसू लागले. सकाळी उठून काय करायचे हा प्रश्न ज्यांना जन्मात पडला नव्हता, ते तेच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचू लागले. मग एक दिवस त्यांनी आपणहून फडके आणि बादली घेतली. मी स्टेशनवर स्कूटरने जायचो, गाडी फक्त रविवारी निघायची. बाकीचे दिवस ती त्यांचीच. आंब्याखाली उभी राहून चिकट झालेली काच धुणे, टायरच्या खाचांतले खडे काढणे, सगळे निगुतीने चालायचे.

आई म्हणायची, "माझी नाही केलीत कधी एवढी विचारपूस."

"तू कुठे उन्हात उभी असतेस?" वडील म्हणायचे.

आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो. इथे ते साध्या मराठीत लिहितो आहे.

पावसाळा सरला तशी मागच्या चाकांतून खरखर ऐकू येऊ लागली. मी दुर्लक्ष केले नाही, पण घाईही केली नाही. नायगावला राहणारा माझा मेहुणा मोटारींच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्याने एका भेटीत चाकाच्या जाळीतून आत बोट घालून पाहिले. "भावजी, मागच्या ब्रेकच्या चकत्या, डिस्क, संपल्यात. कडेला धार आलीय बघा. पुढच्या महिन्यात नव्या घेऊन येतो."

तो महिना सरायच्या आत एका रविवारी पुलाच्या चढावर मी थांबलो, हँडब्रेक ओढला, आणि गाडी हळूहळू मागे सरकू लागली. पायाचा ब्रेक दाबला म्हणून निभावले. घरी येऊन मेहुण्याला फोन केला. पुढच्याच रविवारी तो नव्या डिस्क, त्यांना दाबून धरणारे नवे पॅड आणि हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला.

अंगणात सपाट जागी गाडी लावली. पुढच्या चाकांना चिऱ्याचे दगड लावले, हँडब्रेक सोडला, जॅक चढवला. चाक निघाल्याबरोबर मेहुण्याने नाक आत घातले.

"भावजी, इथे भजी तळलीत का कुणी?"

चकतीवर हात फिरवून त्याने बोट माझ्यापुढे धरले. खोबरेल तेल.

मागून वडील म्हणाले, "मी लावलं."

आमच्याकडे समुद्राची हवा. लोखंड म्हटले की गंज आलाच. म्हणून दर शनिवारी घरातला कोयता, विळी, कुलपे, दाराच्या कड्या, सगळ्यांना घरच्या नारळाचे तेल लावायचे ही वडिलांची कायमची रीत. पुढच्या चकत्या चकचकीत आणि मागच्या तांबड्या, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. लोक बघतात, मुलाच्या गाडीला गंज दिसू नये, म्हणून जाळीतून हात घालून पिसाने त्यांनी दोन्ही मागच्या चकत्या माखल्या होत्या.

मेहुणा हसला. मला हसू आले नाही. मला भीती गाडीची नव्हती. वडिलांचा स्वभाव मला ठाऊक होता. पंपाची एक तार त्यांच्या हातून चुकीची जोडली गेली, तेव्हापासून ते पंपाला शिवले नव्हते. आता गाडीवरूनही हात काढला, की मग उरला तो ओटा आणि ते वर्तमानपत्र.

मी घाईने म्हणालो, "तेलाने काही होत नाही, बाबा."

"होतं की!" मेहुणा म्हणाला. "काका, ब्रेक म्हणजे दोन्ही बाजूंनी चिमटा. मधे तेल आलं की धरणार काय? हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, म्हणून तर गाडी मागे आली."

मी मेहुण्याकडे डोळे वटारले. त्याला त्याचे काही नव्हते. तो पुढे म्हणाला, "डिस्क मात्र आधीच झिजल्या होत्या. त्या तुमच्या खात्यात नाहीत. पॅडही डिस्कबरोबर बदलावेच लागतात."

जुनी चकती गंजाने आतल्या भागाला घट्ट धरून बसली होती. लाकडी ठोकळा मधे ठेवून मेहुण्याने चहूबाजूंनी ठोकत आणली, तेव्हा ती सुटली. मी तारेच्या ब्रशने आतला गंज घासत बसलो. वडील उभेच होते. त्यांनी खोक्यातली नवी चकती उचलली, अंगठ्याने चोळली आणि एकदम म्हणाले, "अरे, हिला तर कंपनीनंच तेल लावलंय!"

मेहुण्याचा हात थांबला. "लावतात. खोक्यात गंजू नये म्हणून."

"मग? मी काय वेगळं केलं?"

"ते बसवायच्या आधी पुसून टाकायचं असतं, काका. तुम्ही बसवल्यावर लावलंत." त्याने तेल काढायच्या फवाऱ्याचा डबा आणि कोरे फडके वडिलांपुढे धरले. "घ्या. दोन्ही चकत्या तुम्हीच पुसा. बोटाला काही लागता कामा नये."

वडिलांनी स्टूल ओढले. फवारा मारून, पुसून, उलटून, उजेडात धरून पुन्हा पुसले. दुसरी चकतीही मेहुण्याच्या हातात दिली ती कडेला धरून, मधे बोट न लावता. मेहुण्याने ब्रेकचा दट्ट्या फिरवत आत घातला, पॅड बसवले, चाके चढवली.

"आता मोकळ्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक दाबत एक चक्कर मारा, म्हणजे पॅड बसतील," तो हात धूत म्हणाला. "आणि नुसती उभी नका ठेवू. रविवारची वाट न बघता मधल्या वारीही फिरवा. ब्रेक लागले की गंज आपोआप घासला जातो."

वडील घरात गेले. संपले, असे मला वाटले. मी किल्ली फिरवली तोच ते धुतलेला सदरा घालून आले आणि माझ्या शेजारी बसले. इतके दिवस ते मागेच बसायचे.

भुईगावच्या रस्त्याला ते सांगत होते, "दाब. सोड. आता जरा जास्त. एवढा नाही रे, माणूस आहे आत!"

बुधवारी संध्याकाळी मी कामावरून आलो, तर वडील चपला घालून गाडीपाशी उभे होते.

"चल, मधला वार आहे," ते म्हणाले. "डबा आत दे आणि ये."