वरच्या मजल्यावरचा पदवीधर

आत्या दातांच्या दवाखान्यात चिमटे आणि आरसे उकळायची. आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी बघून बोलण्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. पंखा घ्यायचा असला तरी दुकानदाराला न विचारता ती जिन्यात एखाद्याला गाठायची, "तुमचा आवाज करतो का हो?"

भाचीच्या बिझनेसच्या पदवीचंही तिने तेच केलं. दोन कॉलेजं उरली होती. एक जवळचं, स्वस्त. दुसऱ्याची फी दीडपट, पण शेवटचं वर्ष कंपनीत पगारी काम. आज मुदत संपत होती, आणि भावाकडचे पैसे स्वस्तातल्यापुरतेच होते.

महागड्या कॉलेजातून शिकलेला एक हिशेबनीस सकाळी दवाखान्याच्या खुर्चीतच सापडला. अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापूस.

"नोकरी कधी लागली?"

त्याने एक बोट दाखवलं.

"वर्षाने?"

बोट जोरात नाही-नाही हललं.

"महिन्याने?"

अंगठा वर.

"पेशंटला सोडा आता," डॉक्टर म्हणाले.

स्वस्त कॉलेजातून शिकलेला मुलगा वरच्याच मजल्यावर राहायचा. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा. आज त्याला सुट्टी म्हणून दुपारी आत्या, भाऊ आणि भाची अशी तिघं त्याच्याकडे गेली. चूक एवढीच झाली, की त्याची आईही घरी होती.

"लगेच लागली की याला!" उत्तर आईनेच दिलं. "ऑफिसात साहेब आहे."

"हो," मुलगा म्हणाला.

"बाकीची मुलं?" आत्याने विचारलं.

"सगळी लागली." उत्तर फार लवकर आलं.

आई चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघराला दार नव्हतं. भाऊ मोबाईलमध्ये, भाची खिडकीपाशी. आत्या पुढे वाकली. "हिला घालू तिथे?"

"घाला की, काकू," तो मोठ्याने म्हणाला. त्याची मान मात्र सावकाश नाही म्हणत होती. डोळे स्वयंपाकघराकडे होते.

चहा आला. आत्याने कप तसाच ठेवला.

जिन्यात भाऊ खुशीत होता. "ऐकलंस ना, ताई? चला, भरून टाकू."

"तिथे नको. दुसरीकडे घालू."

"का?"

आत्या पायऱ्या उतरत राहिली. भावाचं केस कापायचं दुकान होतं. तिथे पोचलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर व्हायची.

"कारण तरी सांगशील?"

"नाही. वरचे पैसे मी घालते."

"पैशाचा माज दाखवतेस? उद्या पोरीचं काही वाकडं झालं तर?"

"मला बोल."

भाची दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "आत्या, नक्की ना?"

नक्की काय होतं? एक अंगठा आणि एक मान. ती मान कॉलेजला नाही म्हणाली, की स्वतःच्याच नशिबाला, हे आत्याला तरी कुठे ठाऊक होतं? तरी ती म्हणाली, "चल."

फी भरून तिघं परतली तेव्हा भाऊ चार पावलं पुढे चालत होता, तोंड फुगवून. वरच्या गॅलरीतून हाक आली, "झाली का ॲडमिशन? आमच्याच कॉलेजात ना?"

आईच्या मागे मुलगा उभा होता. कठडा घट्ट धरून.

भावाने तोंड उघडलं. आत्याने त्याचा दंड धरला.

"जागा भरल्या होत्या हो," ती वर बघून म्हणाली. "मग दुसरीकडे घातलं."

"बघ!" आई मागे वळून लेकाला म्हणाली. "किती मागणी आहे तुझ्या कॉलेजला!"

मुलगा आत निघून गेला, त्याच्यामागे आईही. भावाने रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं, मग आत्याकडे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दुकानात विचारलं तर मीही तेच सांगू?"

"तेच सांग."