मासे आले तेव्हाच सुस्त होते

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सोबत बसून पत्रकं लिहिणाऱ्या मित्रांनाही नाही. लिहायला बसलो की माझा हात दुसऱ्याच्या गुन्ह्याकडे वळतो — ते सोपं असतं. दुसऱ्याचे गुन्हे लिहायची मला लहानपणापासून सवय आहे.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा चिखल्याच्या खाणीत कामाला होते. संपाची, सभेची, निषेधाची पत्रकं उशाखाली, पिठाच्या डब्याखाली, सगळीकडे. ‘जाहीर’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. छापायचं ते खरंच छापायचं, हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही. आणि तोच मी —

कुठून सुरुवात करू? काचेपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही गावात तलावाचं प्रदर्शन ठरवलं. आमचं गाव नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. तलावात आता बाहेरून आणून सोडलेलेच मासे जास्त. इथले जुने मासे पोरांना ओळखूही येत नाहीत. ते जिवंत दाखवायचे होते. तुमसरच्या एका सलूनवाल्याकडे माशांची जुनी काचपेटी धूळ खात पडली होती, ती मी आणली. मागच्या बाजूला काचेची भिंत घालून तीन कप्पे करायचे, त्यांत स्पंज, वाळू, कोळसा भरायचा, म्हणजे पाणी गाळून पुन्हा पुढे येईल. घरच्या मोडक्या कपाटाच्या दारांच्या काचा काढल्या. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवून रेघ मारायची, टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायचं. तीन तुकडे वाया गेले, चौथा सरळ तुटला. कडा ओल्या पॉलिश पेपरवर घासल्या. विकत काही आणलं नाही याचा मला किती अभिमान होता!

जोडायला मात्र सिलिकॉन लागतं. माशांच्या पेटीचं वेगळं येतं, ते नागपूरहून यायला चार दिवस लागणार होते. प्रदर्शनाची तारीख छापून, वाटून झाली होती. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमच्या फरशीला लावतात ती ट्यूब मिळाली. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं — यात बुरशीनाशक आहे, माशांच्या टाकीला वापरू नये.

मी ते वाचलं.

एवढं एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. वाचलं, आणि तरी लावलं. दोनदा पाणी बदललं की झालं, असं स्वतःला सांगितलं.

मासे सुखराम काकांनी आणले. काका ढिवर, मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद. त्यांना वाचता येत नाही. माझं प्रत्येक पत्रक मी आधी त्यांना वाचून दाखवायचो. जिथे ते मान हलवायचे नाहीत ते वाक्य काढून टाकायचो. तलावात औषध टाकून मासे मारतात, त्याविरुद्धचं पत्रक तर त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिलेलं. बाजारात उभं राहून वाटलंही त्यांनीच.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते डोक्यावर जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, घेऊन आले, वर ओलं फडकं. आत शिंगी, मरळीची पिल्लं, काही बारीक चंदेरी मासे. मासे उड्या मारत होते. एक तर बाहेरच पडला, काकांनी हसत उचलून पेटीत टाकला. उड्या मारत होते — हे मी पुन्हा लिहितो.

पेटी प्रदर्शनासाठी ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोली उघडली, तेव्हा सगळे पोट वर करून तरंगत होते.

गर्दी जमली. कोणीतरी म्हणालं, दवाई टाकून धरले असन. मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तेव्हा वाटलं. पेटी घरी नेली, घासून धुतली, तलावाचंच पाणी भरलं आणि दुसऱ्या कोणाकडून आणलेले दोन मासे त्यात सोडले. संध्याकाळपर्यंत तेही मेले. म्हणजे रविवारी सोसायटीच्या बैठकीला मी गेलो, तेव्हा मला नुसती शंका नव्हती. मला माहीत होतं.

अध्यक्षांनी मलाच विचारलं, “तू होतास तेथी. मासे आणले तवा कसे होते, सांग.”

मी म्हणालो, “आले तेव्हाच सुस्त होते.”

मागून कोणीतरी टोमणा मारला, “कागद वाटते गावभर, अन् दवाई टाकते सोता.” लोक हसले.

काका उठले. “अरे, शिंगी चिखलात जगते बापू. ते काहून मरन?” मग माझ्याकडे पाहिलं. आणि सावकाश म्हणाले, “पण याले दिसले असन तसे. शिकलेला पोट्टा आहे. खोटं कायले बोलन?”

तेव्हाही बोलता आलं असतं. का नाही बोललो? औषधाविरुद्धचं माझंच पत्रक खोटं पडेल म्हणून? लोक हसतील म्हणून? कारण शोधत बसलो की ते सापडतंच, म्हणून शोधत नाही.

आमच्याकडे मोठं जाळं सगळे मिळून ओढतात. ज्याचा हात दोरीला, त्याचा वाटा. ज्याच्यावर औषधाचा ठपका, त्याला दोरीला हात लावू देत नाहीत. काकांचा हात त्या दिवसापासून काढला. जाळं पडतं तेव्हा ते तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून बघतात.

पण याहून वाईट पुढे आहे. आठवडाभराने काका घरी आले. विचार करकरून त्यांनी स्वतःच कारण शोधलं होतं. “तुझी काकू धानाच्या फवारणीले गेली होती. तिनं गंज तेथी नेला असन काय? त्याचंच काही लागलं असन?”

मी म्हणालो, “असू शकते काका.”

का म्हणालो? मला सुटका दिसली. काकांवरचा ठपका थोडा हलका होईल, असंही मनाला सांगितलं. ते घरी गेले आणि काकूंशी भांडले. काकू रडून सांगत होत्या, गंज नेलाच नव्हता. रस्त्यापर्यंत आवाज येत होता. नंतर काका चारचौघांत सांगू लागले — आमच्या बाईच्या हातून झालं. दोन वर्षं काकू नाही म्हणत राहिल्या. यंदा नळावर कोणी तो विषय काढला, तेव्हा मी तिथेच होतो. काकू खाली बघून म्हणाल्या, “मीच धुतला नसन नीट.”

न केलेली चूक त्यांनी कबूल केली. केलेली मी अजून कबूल केली नव्हती.

सुखराम काकांनी औषध टाकलं नाही. काकूंनी गंज खराब केला नाही. मासे धडधाकट होते, ते माझ्या पेटीत मेले, आणि हे ठाऊक असताना मी सोसायटीत खोटं बोललो, घरात खोटं बोललो.

हे मी त्यांच्याआधी तुम्हाला सांगितलं. त्यांचं घर माझ्या घरापासून सहावं आहे. तिथे मी अजून गेलेलो नाही.