मामगीचं दगडी कुंड

मामगीला गावचं चर्च आपल्या मालकीचं वाटायचं, आणि त्यातलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड तर जरा जास्तच. व्हिकरनं, म्हणजे तिथल्या पाद्रीनं, एकदा त्यावर ओली छत्री ठेवली, तर बाई दोन रविवार त्याच्याशी बोलली नाही.

हॉस्पिटलच्या नोकरीसाठी आम्ही नवरा-बायको वेल्समधल्या त्या गावात आलो, तेव्हा ती आमची शेजारीण. मामगी म्हणजे त्यांच्याकडची आजी. आमची तीन वर्षांची सई तिला तशी हाक मारायची, मग आम्हीही. आमच्या ड्यूट्या एकदम आल्या की सई तिच्याकडे. "पोर माझंच आहे, तुम्ही फक्त झोपायला नेता," ती म्हणायची. मला ते ऐकून बरं वाटायचं.

शनिवारी ती सईला घेऊन कुंड पुसायला जाई. शेकडो वर्षांचा दगड, कडा हातांनी झिजलेल्या. "या गावातलं प्रत्येक पोर या पाण्याखालून गेलंय," ती अभिमानानं सांगे.

त्या हिवाळ्यात सईला तापात झटके आले. हॉस्पिटलातून ती बरी होऊन घरी आली, तेव्हा मामगी माझ्या गळ्यात पडून रडली.

काही दिवसांनी सई टबमध्ये बाहुलीच्या डोक्यावर मगानं पाणी ओतत होती. वर पिता, पुत्र असं काहीबाही पुटपुटणं.

"हे कुणी शिकवलं गं?"

"मामगीनी मला पण असं केलं. त्या बिग स्टोनमध्ये."

मी ओल्या हातांनीच शेजारी गेले. मामगीनं नाकारलं नाही. "व्हिकर नव्हता. अडीनडीला आमच्यात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं."

"अगं, पण ती बरी झाली होती! मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे तिला ठाऊक होतं. अजाणता केलं असतं, तर मी गिळलं असतं. नवरा म्हणाला, "लेट इट गो, पाणीच होतं ना?" पाण्याचं काय घेऊन बसलाय! मी लेक सांभाळायला दिली होती, बाटवायला नाही. केसानं गळा कापला माझा, आणि तोही मायेनं.

सईला मी नर्सरीत घातलं. वर्षभरात लेस्टरला नोकऱ्या मिळाल्या. निघताना मामगी गाडीपाशी आली. माफी मागेल असं मला वाटलं. मागितली असती तर मी विरघळले असते.

"पुन्हा तशी आजारी पडली, तर मी पुन्हा तेच करीन," ती म्हणाली.

सईनं सीटवरून दोन्ही हात तिच्याकडे पसरले. मी तिचा बेल्ट लावला आणि दार ओढून घेतलं.