सवचं पाणी आणि बाबांचा फोटो

आईनं बाबांच्या फोटोला आंघोळ घातली. तीही कढत पाण्यानं! ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

बाबा वरंध घाटात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. तिथल्या एका साहेबाकडे झटपट फोटोचा कॅमेरा होता. फोटो काढायचा, वरचा कागद सोलायचा, की मिनिटाभरात रंगीत माणूस हातात. त्यानं बाबांचा एक काढून दिला. पुढच्याच पावसाळ्यात बाबा तापानं गेले, पस्तिशीत; मी तेव्हा शाळकरी पोर. त्यांचा तेवढाच एक फोटो. त्याला ना निगेटिव्ह, ना दुसरी प्रत. आणि मोठा होऊन मी महाडला स्टुडिओ चालवायचो! अख्ख्या तालुक्याच्या आज्या-पणज्यांच्या जुन्या फोटोंच्या नकला काढून दिल्या, आणि सख्ख्या बापाच्या फोटोला मात्र आज करू, उद्या करू. असला मी शहाणा.

त्याच सुमारास मुंबईहून आलेल्या एका फोटोग्राफरनं मला एक अजब प्रकार दाखवला. असला झटपट फोटो कढत पाण्यात ठेवला की चित्राची साय कागदावरून सुटते. मग ती गार पाण्यात सोडायची, खालून दुसरा जाड कागद घालायचा आणि त्यावर अलगद उचलून घ्यायची. मला वेडच लागलं. सरावाला म्हणून त्यानं चार फोटो दिले. मी चिमटा घेऊन बसलो आणि चारही फाडून ठेवले.

एका रविवारी तो जाड कागद पिशवीत घालून पोलादपूरला घरी गेलो. भिंतीवर बाबांची चौकट रिकामी! आत आई परातीपुढे बसलेली. परातीत वाफाळतं पाणी आणि पाण्यात बाबा.

"आये, काय केलंस गो हे!"

"वरडू नको. यांच्या गालावर पांढरे चट्टे आले व्हते. सव गावच्या गरम कुंडाच्या पाण्यानं लोकांची कातडी साफ व्हते, मग यांची नाय व्हायची? कॅन भरून आणलं. वाटेत निवलं, म्हणून तापवलं."

चट्टे कसले, पावसाळ्यातली बुरशी होती ती! मी वाकून बघितलं. बाबांच्या टोपीची कड कागदापासून सुटून पाण्यात हलत होती. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. फोटो तसाच बाहेर काढला तर फाटणार, आत ठेवला तर सगळा सुटणार. सुटलेला उचलायचा तर माझ्या हातून आजवर एकही धड उचलला गेला नव्हता. मी हे सगळं आईवर ओरडूनच सांगितलं.

"म्हंजे पुन्ना जातील हे?" ती म्हणाली.

मी दुसऱ्या पातेल्यात गार पाणी घेतलं, फोटो त्यात सरकवला आणि चिमट्यानं एक कोपरा धरला. खांद्यापाशी टर्रकन फाटलं.

"सरक तिकडं! फेणी अशी वढतात व्हय?"

उन्हाळ्यात आई तांदळाच्या फेण्या घालायची. पानावर वाफवलेली पातळ फेणी ती ओल्या बोटांनी सोडवायची, आणि तिच्या हातून फाटलेली मी कधी पाहिली नाही. तिनं बोटं भिजवली. ओढलं काहीच नाही, नुसतं पाणी हलवत राहिली. बाबा आपोआप सुटून तरंगायला लागले. मी खाली कागद धरला आणि तिनं त्यांना त्यावर अलगद घेतलं.

आले! सगळे आले, खांदा सोडून. बुरशीही गेली होती. पण साय चुरगळून बसली होती. कपाळभर आठ्या, डोळ्यांपाशी, गालांवर सुरकुत्या. शिकलेलं आठवून मी ओल्या बोटानं त्या सपाट करायला गेलो, तशी आईनं माझं मनगट धरलं. तिचे केस तोवर पार पिकले होते. तिनं कागद उजेडाकडे वळवला.

"ऱ्हाऊ दे रे," ती म्हणाली. "इतकी वर्सं त्या फोटूपुढं मी यांची आये दिसायची. आज कुठं जोडीचे दिसतात."