हिरव्या दारामागच्या काकू

शैलाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेक्ससमध्ये, प्लेनोतल्या देशी दुकानात, दोन्ही हातांत मेथीची एकेक जुडी धरून, न्यायाधीशासारखा उभा होतो. फोन त्यांच्या मुलाचा, फ्रीमाँटहून. "आई गेली रे... सकाळी, चहा घेता घेता." मी मेथी ठेवली, गाडी ढकलत फडताळांच्या टोकापर्यंत आलो आणि थांबलो. कान दिला. पलीकडून कुणी येत नाही हे कळल्यावरच वळलो. दुकानात असं कुणी वळत नाही. मी वळतो. ही सवय काकूंनी लावलेली.

काकू आमच्या शेजारी राहायच्या; मूळच्या नागपूरच्या, निवृत्त रेडिओलॉजिस्ट, सत्तरी ओलांडलेल्या. आणि आमच्या बंदूकबाजीच्या गुरू. त्याचं असं की रविवारी मराठी शाळा सुटली की आम्ही पाच पालक आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर हेडफोन लावून बसायचो आणि आमचीच पाच पोरं आम्हाला गोळ्या घालायची. खेळ असा: एका टोळीनं गोदामात बॉम्ब ठेवायचा, दुसरीनं अडवायचं. एका डावात एकच जीव. मेलेल्यानं उरलेला डाव बघत बसायचं. माझी मुलगी इरा वरच्या खोलीतून मला ठार करायची आणि खाली येऊन शांतपणे विचारायची, "बाबा, वॉन्ट सम लिंबू सरबत?" आमची रणनीती विचाराल तर बुफेची झाकणं उघडल्यावर जी असते तीच. सगळे एकदम आत.

एका रविवारी काकू रिकामा डबा परत द्यायला आल्या आणि माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मी तिघांना लोळवलं, मग मेलो, आणि कौतुकाच्या अपेक्षेनं मागे वळलो.

"मागचे डाव रेकॉर्ड झालेत का रे, मिलिंद?"

"हो ना. थांबा, माझे बेस्ट शॉट्स दाखवतो."

"ते नकोत. तुझी मरणं दाखव."

त्या दुपारी आम्ही माझी मरणं पाहिली. काकू चष्मा कपाळावर चढवून, आयुष्यभर लोकांच्या छातीतल्या सावल्या पाहिल्या तशा त्या पडद्याकडे बघत होत्या. जुनं चित्र, नवं चित्र, शेजारी शेजारी. बाहेर टेक्ससचं ऊन पांढरं झालेलं, घरात एसीची घरघर, आणि मी पुन्हा पुन्हा त्याच जिन्यापाशी, त्याच घाईनं मरत होतो... "तू तिघांना मारलंस ते तुझं नशीब," त्या म्हणाल्या. "मेलास कसा, तो तुझा अभ्यास. आणि नेम जमिनीवर कशाला धरतोस? झुरळं मारायची आहेत का?"

पुढे आमच्यातला एक जण पुण्याला परत गेला आणि पाचव्या जागेवर काकू आल्या. आम्ही थांबायला शिकलो. पावलं ऐकायला शिकलो. माणसाचं डोकं जिथे येणार तिथे आधीच नेम धरून ठेवायला शिकलो. हरत होतो, पण आता अब्रू राखून.

मग काकूंचा उजवा हात थरथरू लागला. नेम भिंतीवर भुतासारखा नाचायचा. सलग चार रविवार हरल्यावर त्या म्हणाल्या, "मी आता चहा करते. तुम्ही खेळा." हसतच म्हणाल्या, पण हेडफोन कानावरून काढला नाही.

तो हेडफोन उतरू द्यायचा नाही, एवढंच मग आमचं ध्येय उरलं. मी त्यांच्या घरी जाऊन माउसचा वेग अगदी कमी केला. हात इंचभर हलला तरी नेम केसभर सरकावा. मनगटावर वजनाला त्यांची शेकायची गव्हाची पिशवी ठेवली. जिन्यापाशी एक हिरवं दार होतं. त्याच्या मागे, कोपऱ्यात, त्यांनी उभं राहायचं. हलायचं नाही. दाराच्या कडेवर नेम, बोट माउसवर.

"आणि तुम्ही चौघं काय करणार?"

"जे आम्हाला येतं ते. धावणार."

आम्ही गोदामाच्या दुसऱ्या टोकाला बूट आपटत धावलो, वरातीसारखे. तिकडे सगळे आहेत अशी पोरांची खात्री झाली. पाच मराठी माणसांतला एक जण गप्प एका जागी बसला असेल, ही शंका त्यांना यायचं कारणच नव्हतं. हिरवं दार उघडलं. एक गोळी. वरच्या खोलीतून इराचा आवाज आला, "हू वॉज दॅट?"

हेडफोनमध्ये काकू म्हणाल्या, "इरा बाळा, दार उघडण्याआधी ऐकावं गं."

आम्ही जिंकलो. नंतर पुष्कळदा हरलो, पण काकू त्या दारामागून शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

आता आम्ही चौघंच खेळतो. खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव राखाडी रंगात दिसतं; काढायला कुणी धजत नाही. हिरव्या दारामागे कुणी उभं राहत नाही. परवा मी माझी मरणं बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की इरा त्या दारापाशी येते आणि थांबते. बराच वेळ. जेवताना मी विचारलं, "तिथे कुणी नसतं, माहितीय ना तुला?"

"आय नो, बाबा."

"मग थांबतेस कशाला? तेवढ्यात आम्ही बॉम्ब ठेवून मोकळे होतो."

तिनं आमटीत भात कालवला. "आजीचं दार आहे ते. यू डोन्ट जस्ट वॉक इन."

रविवारी दुपारी मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. गोदामात ऊन पडलेलं, कुठेतरी आम्ही चौघं बूट आपटत धावतोय, आणि त्या हिरव्या दारापाशी माझी मुलगी उभी आहे... कान देऊन.